भास्कर, टेकू काढायचा राहिलाय

भास्कर,

ऑफिसातली साखळी अजून तिथंच लोंबते आहे. भिंतीत दोन खिळे ठोकून तू लावलेली, पोहऱ्याची बारीक साखळी. सकाळी कुलूप काढून दार ढकललं की पहिली तीच दिसते. कर्जत स्टेशनात गाडीला घाटाचं इंजिन जोडतात, धक्का बसतो, भिसेगावातल्या आपल्या खोलीची फरशी जरा थरथरते आणि साखळी हलते. तू होतास तेव्हा ती हललेली मला कधी दिसलीही नाही. आता हलली की हातातलं काम सुटतं.

तुझ्या जलदान विधीच्या दिवशी लोक चांगलं बोलले. तू गरिबांची घरं बांधलीस, कुणाकडून जास्त घेतलं नाहीस, साधा राहिलास. मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, लोकांकडे बघितलं आणि काहीतरी पुटपुटून खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, दुःखानं गळा भरून आला. दुःख होतंच रे. पण त्या क्षणी डोक्यात दुसरंच होतं, आणि ते तिथं बोलता येण्यासारखं नव्हतं. चौक गावच्या शाळेच्या छताखाली टेकू अजून उभे होते. ते काढायचा दिवस तू ठरवला होतास, आणि त्याच्या आधीच तू गेलास.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहितो. लिहिलं नाही तर मी वेडा होईन.

छत तुझं. खोलीच्या एका भिंतीवरून निघून दुसऱ्या भिंतीवर उतरणारी विटांची लांब कमान, एका विटेच्या जाडीची. आत लोखंडाची एक सळई नाही. सिमेंट नाही, सांध्यांत चुना. तो आकार तू या साखळीवरून घेतलास. तिला झोळ पडू दिलास, मागे कागद धरून पेन्सिलीनं रेघ मारलीस आणि कागद उलटा केलास. "बघ," म्हणालास, "लोंबताना साखळी नुसती ताणलेली असते, कुठंच मोडत नाही. हीच उलटी केली की प्रत्येक वीट शेजारणीला नुसती दाबते. ओढ नाही. मग लोखंड कशाला? इतकं सोपं आहे शरद."

"सोपं आहे म्हणूनच भीती वाटते," मी म्हणालो होतो.

तू हसलास. माझ्या भीतीला तू कायम हसायचास. चिडायचास तेव्हाही आधी हसून मग चिडायचास.

नकाशावर सह्या दोघांच्या आहेत. त्यातला एक आता नाही. म्हणजे त्या छताखाली पहिलीची पोरं पाढे म्हणायला बसतील, तेव्हा वरच्या प्रत्येक विटेला जाब देणारा मी एकटा. आणि मी कसला आहे ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

माझी भीती कुठून आली ते तुला एकदा सांगितलं होतं. शिक्षण संपवून मुंबईत एका मोठ्या आर्किटेक्टच्या हाताखाली राहिलो, तेव्हाची गोष्ट. आमच्या रस्त्यावरच्या एका इमारतीचा छज्जा पडला. आमची इमारत नव्हती, माझा काही संबंध नव्हता. खाली एक बाई रोज केरसुण्या विकायला बसायची. छज्जा पडला तेव्हा ती समोर चहा प्यायला गेली होती. कुणाला खरचटलंही नाही. राडारोड्याखालून नुसत्या केरसुण्यांची टोकं बाहेर आली होती आणि ती बाई हातात कप घेऊन त्यांच्याकडे बघत होती. तू म्हणालास, "मग वाचली की रे ती." हो, वाचली. पण तेव्हापासून मी कुठलीही रेघ मारली की तिच्याखाली कुणीतरी बसलेलं असतं, आणि ते चहाला गेलेलं नसतं.

आपली वाटणी आपोआप झाली. नकाशे तू काढायचास, कामावर मी जायचो. आणि कामावर गेलो की माझा हात जड व्हायचा. तू तुळई बारीक दाखवायचास, मी गवंड्याला सांगायचो, दोन बोटं वाढव. तू भिंतीत चुना लिहायचास, मी म्हणायचो, चुन्यात एक गोणी सिमेंट घाल. लपवून कधी केलं नाही. संध्याकाळी येऊन सांगायचो. तू डोक्याला हात लावायचास. "आली का शरदची गोणी?" पुढं पुढं गवंडीही तेच म्हणायला लागले. हिरामण गवंडी माल कालवताना ओरडायचा, "वो सायेब, तुमची गोनी कवा टाकायची? आत्ता का च्या पिल्यावर?"

सगळे हसायचे. मीही हसायचो आणि गोणी टाकायचो.

तुला त्याचा इतका राग का यायचा ते मला फार उशिरा समजलं. मला वाटायचं, तुझ्या गणितावर विश्वास ठेवत नाही म्हणून तू दुखावतोस. तसं नव्हतं. तुला त्या गोणीत धूर दिसायचा.

आणि धुराची ओळख आपल्याला लहानपणापासून होती. दहिवलीला आमच्या शेतात भात निघालं की वडील वीटभट्टीला जागा द्यायचे. माथेरानच्या उतारावरून लाकडांनी भरलेल्या गाड्या यायच्या आणि भट्टी आठवडेच्या आठवडे धुमसत राहायची. थंडीतल्या सकाळी शाळेत जाताना तू आणि मी भट्टीच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचो. आठवतं? पाठ भाजेपर्यंत थांबायचं आणि मग पळत सुटायचं. ती ऊब मला अजून आठवते, आणि आठवली की बरं वाटतं, आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटते. कारण त्याच भट्टीवर तुझी आई डोक्यावरून विटा वाहायची. आपल्याला तिथं चिकटलेलं बघून ती ओरडायची, "भास्कर, हो तितून बाजूला, छातीत धूर जातोय." स्वतः दिवसभर त्या धुरात असायची. पुढं तिचा खोकला कधी थांबलाच नाही. आणि तू हे एकदाही मला बोलून दाखवलं नाहीस, की शरद, ते शेत तुमचं होतं.

तू फक्त डोंगर दाखवायचास. भिसेगावच्या ओट्यावर उभं राहून समोरचा उतार दाखवायचास. "तिथं आपण करवंदं खायला जायचो, तिथं आत ऊन लागायचं नाय. बघ आता." चिडलास की तुझ्या तोंडात गावचं 'नाय' यायचं. "तो डोंगर कुठं गेला सांग. कर्जतच्या भिंतींत गेला. आपण इथं बसून कागदावर रेघ मारतो ना, तेव्हा कुठंतरी भट्टी पेटते. रेघ जाड मारली की भट्टी मोठी पेटते. जाळणारा वीटवाला नाय. जाळणारे आपण."

मी वाद घालायचो. मला वाद घालायला आवडायचं, कारण वाद चालू असेपर्यंत भीती बाजूला बसायची. मी म्हणायचो, चुना काय थंड भाजतात? तू म्हणायचास, भाजतात, पण सिमेंटइतकी आच लागत नाही, आणि खोटं कशाला बोलू, चुन्याचंही पाप आहेच, म्हणून तर भिंतीला दगड घेतलाय, तो भाजावा लागत नाही. मी म्हणायचो, स्लॅब टाकला की निदान गळत नाही. तू म्हणायचास, आणि मे महिन्यात त्याखाली माणूस शिजतो, मग पंखा लाव, मग वीज जाळ. मी म्हणायचो, आपल्याकडं वीज पाण्याची आहे, खोपोलीची, भिवपुरीची, ती कुठं जळते? तेव्हा तू जे हसला होतास ते अजून कानात आहे. "अरे, आपल्या डोंगराचं पाणी, त्याची वीज मुंबईला. आपल्या पंख्याला कुठली येते कुणाला ठाऊक? आणि उद्या घरोघर पंखे झाले तर तेवढं पाणी डोंगरात आहे का? कोळसाच लागणार."

मग एक दिवस तू मुंबईहून आलास तो गप्पच. एका वाचनालयात कुठलंसं परदेशी मासिक चाळलं होतंस. लाकडाचा, कोळशाचा धूर विरून जातो असं आपल्याला वाटतं, पण त्यातला कार्बनचा वायू जात नाही, वर साचत राहतो, आणि पांघरुणासारखी पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. आपल्या नातवंडांच्या वेळेपर्यंत हवाच बदललेली असेल, पाऊस बदललेला असेल, असं त्यात लिहिलं होतं म्हणालास. मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, "आणि चौकची दोन खोल्यांची शाळा पृथ्वी थंड करणार?"

तू हसला नाहीस. माझ्याकडे बघत म्हणालास, "नाय करणार. पण मुंबईत किती आर्किटेक्ट आहेत ते मोज. दिल्लीत, लंडनला. प्रत्येकाच्या टेबलापाशी तुझ्यासारखा एक भला माणूस बसलाय, आणि तो भीतीपोटी एकेक गोणी जास्त टाकतोय. कुणाला कशाची गरज आहे म्हणून नाय. रात्री झोप यावी म्हणून. शरद, हा सगळा धूर भीतीचा आहे."

मी त्या दिवशी तुझ्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो वाद तसाच राहिला. तुझं म्हणणं मला पटलं होतं, आणि ते पटल्याचं मी तुला सांगितलं नाही.

सिमेंट सरकारी परमिटवर मिळायचं तोवर लोक तुझं ऐकायचे. मिळतच नव्हतं, मग चुना तर चुना. परमिट सैल झालं आणि ज्याला त्याला स्लॅब हवा झाला. चौकच्या शाळा समितीला तू कसं पटवलंस, मला अजून कळलेलं नाही. समितीचे अध्यक्ष नामाशेठ. हायवेवर ट्रकच्या टायरींचं दुकान चालवणारा माणूस, त्याला भार म्हणजे काय ते चांगलं कळतं. पाया भरतानाच त्यानं तुला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "छपरात लोखंड नाय, सिमिट नाय. मग भास्करराव, ते काय तुमच्या शब्दावर ऱ्हाणार?"

"टायरमध्ये काय असतं नामाशेठ?" तू विचारलंस.

"हवा."

"मग हवेवर एवढा ट्रक राहतो, तर विटेवर छत नाय राहणार?"

लोक हसले. नामाशेठही हसला, पण मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, माजा नातू हितं बसनार हाय. तेवडं ध्यानात असू द्या." तो असं काही बोलला नसता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी तू मला एकच गोष्ट मागितलीस. "या छतात तुझी गोणी नको. एकदाच. एकदा बघू दे, माझं गणित एकटं उभं राहतं का. आजवरच्या प्रत्येक कामात तुझी भीती कालवलेली आहे, मला स्वतःलाच माहीत नाय मी बरोबर होतो की तू." मी हो म्हणालो. आणि शब्द पाळला. रोज कामावर जायचो, हाताची मूठ आवळून उभा राहायचो आणि काही वाढवायचो नाही.

मग वैशाखाच्या उन्हात तू चौकहून आलास, वहिनींकडे पाणी मागितलंस, आणि ते प्यायलाही थांबला नाहीस.

भास्कर, आपल्या कामात एक रीत होती, तू पाडलेली. छताचे टेकू काढायच्या दिवशी ज्यानं छत कागदावर काढलं त्यानं आत उभं राहायचं. तू म्हणायचास, गवंड्याला आत पाठवून आपण बाहेर उभं राहायचं, हे बरं दिसत नाही. शेवटचा टेकू निघताना तू खोलीच्या मधोमध उभा असायचास. चष्मा काढून हातात धरायचास. "चुना पडतो रे डोळ्यांत," म्हणायचास. आणि मी बाहेर अंगणात. लोकांना मागे सरकवायला, म्हणजे काहीतरी कारण काढून. मी एकदाही आत आलो नाही. तू एकदाही बोलावलं नाहीस.

जलदान विधी झाल्यावर नामाशेठ घरी आला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ बोलला. "भास्कररावाचं वाईट झालं. पन शाळा उघडायची हाय. आता तुमी सांगा. तुमी म्हनलात छत चांगलं हाय, तर ऱ्हाऊ दे. नाय म्हनलात तर टेकू हायेत तवरच पाडून स्लॅब टाकतो. सिमिट आनून ठेवलंय मी. देवळाच्या ओसरीत रचलंय."

एक शब्द बोलायचा होता. पाडा म्हणालो असतो तर कुणी मला नावं ठेवली नसती. सगळे म्हणाले असते, शहाणा माणूस, पोरांचा विचार केला. आणि सगळ्या तालुक्यात झालं असतं की तसलं छत उभं राहत नाही, भास्करच्या भागीदारानंच पाडायला लावलं. पुन्हा कुणी ते करायला धजलं नसतं. जे उभं करायला तू पंधरा-वीस वर्षं भांडलास, ते मी एका शब्दानं गाडलं असतं. आणि राहू दे म्हणालो असतो, तर वर छत आणि खाली नामाशेठचा नातू.

"दोन दिवस द्या," मी म्हणालो.

वहिनींकडे गेलो. काय विचारायचं ते मलाच माहीत नव्हतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, भास्कर छताबद्दल काही बोलला होता का? शेवटी?"

"छताबद्दल रोजच बोलायचे. दुसरं काय बोलायचे?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमच्याबद्दल बोलायचे, भावजी. म्हणायचे, शरद नाय म्हणतो ना, त्या दिवशी मी परत पहिल्यापासून गणित करतो. चौकच्या शाळेचं तर किती वेळा केलं त्याला गणतीच नाय. मी म्हणायची, झोपा आता. तर म्हणायचे, शरदला अजून भीती वाटतेय, म्हणजे काहीतरी बघायचं राहिलंय."

मी उंबऱ्यावर बसून राहिलो. तू हे मला कधीच सांगितलं नाहीस. तू हसायचास आणि मग रात्री बसून माझ्या भीतीची उत्तरं काढायचास. माझी भीती तुला कागदावर हवी होती. मी ती भिंतीत ओतत होतो.

नामाशेठला निरोप धाडला, टेकू काढू.

आणि कालचा दिवस उजाडला. हिरामण आणि त्याची माणसं आली. साचा उतरवला, फळ्या सोडवल्या, टेकू एकेक करून बाहेर काढले. मी दारात उभा होतो. आत नाही, बाहेर नाही, दारात. छत काही बोललं नाही. शेवटी एकच टेकू राहिला, मधोमध, कमानीच्या माथ्याला लावलेला. हिरामणनं हातोडा उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"हा राहू दे," मी म्हणालो. "पाचर जरा घट्ट कर. राहू दे दोन दिवस."

हिरामणनं पाचर ठोकली आणि सगळे घरी गेले. हे आता लिहितो आहे आणि तो टेकू तिथंच आहे. तुझ्या छतात मी गोणी टाकली नाही, भास्कर. खाली लावली.

इथवर पहाटे लिहून ठेवलं होतं. आता पुढचं लिहितो.

आज सकाळी नामाशेठनं टेंपो पाठवला. ड्रायव्हर म्हणाला, "शेठनी बोलावलंय. छताला तडा गेलाय." दहिवलीपासून चौकपर्यंत मला काही दिसलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे केरसुण्या होत्या.

शाळेसमोर माणसं जमली होती. नामाशेठ शिडीपाशी. "सकाळी पोरगा वर चढला व्हता, त्यानं बगितलं. मी म्हनलं नव्हतं सायेब?"

मी चष्मा पुसून शिडी चढलो. कमानीच्या माथ्यावर, चुन्याच्या गिलाव्यात, केसाएवढी भेग होती, हातभर लांब. बरोबर टेकूच्या वर. उतरलो, आत गेलो, खालून बघितलं. टेकू जिथं लागला होता तिथं विटांचे सांधे कोरे होते. कुठंही फट नाही.

आणि तुझा आवाज आला. खरंच आला असं म्हणत नाही. पण साखळीपुढे उभा राहून तू मला शिकवलेलं आठवलं. भिंती सरकल्या आणि कमान बसायला लागली, तर माथ्याला खालून फट पडते. वरून पडली तर समजायचं, खालून कुणीतरी ढकलतंय. तू साखळी मधेच बोट लावून उचलली होतीस. झोळ मोडला होता. "बघ, जिथं आधार नको तिथं आधार दिला की आकार मोडतो. अशा छताला भित्र्या माणसाचा टेकू सगळ्यात वाईट."

छत रात्रीत आपल्या जागी बसत होतं, केसभर. आणि मी ठोकायला लावलेली पाचर त्याला बसू देत नव्हती. भेग तुझी नव्हती. माझी होती.

मी बाहेर येऊन म्हणालो, "टेकू काढायचा."

"येडं झाले का तुमी?" नामाशेठ म्हणाला. "टेकू हाय म्हनून तर अजून उबं हाय. तो काढला की आलं खाली."

"टेकू आहे म्हणून तडा गेलाय, शेठ."

"आन नसंल तर?"

"नसेल तर मी खाली असेन."

हिरामण हातोडा घेऊन पुढं आला. त्याच्या हातातून मी तो घेतला, आणि त्याला भेगेवर नजर ठेवायला शिडीवर चढवला. बाकीच्यांना लांब जायला सांगितलं. माझ्या मनात काही मोठं नव्हतं, हे तुला खरं सांगतो. तुझी आठवणही नव्हती. सगळं समजलं होतं, भेग वाचता येत होती, तरी भीती गेली नव्हती. समजणं डोक्यात होतं, भीती गुडघ्यांत होती, आणि मधे काही रस्ता नव्हता. पहिला घाव पाचरीला लागलाच नाही, जमिनीवर बसला. दुसरा लागला. पाचर सुटली आणि वरून टक् असा आवाज आला.

मी टेकू दोन्ही हातांनी धरला. तो मोकळा होता. त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. मी त्याला मिठी मारल्यासारखा उभा होतो, चुन्याची भुकटी मानेवर पडत होती, आणि वर बघायची माझी हिंमत नव्हती.

वरून हिरामणचा आवाज आला. "सायेब, मिटली. आता नख बी जात नाय."

मी तसाच उभा. दारातून नामाशेठ म्हणाला, "सायेब, ठिवा आता खाली तो."

मी टेकू खाली ठेवला. तेव्हा लक्षात आलं की मला समोरचं नीट दिसत नाहीये. नामाशेठ दारात नुसता पांढरा ठिपका दिसत होता. माझा चष्मा माझ्या खिशात होता. कधी काढला ते आठवत नाही. घाव घालायच्या आधी काढला असणार.

चुना पडतो म्हणून चष्मा काढतो, असं तू म्हणायचास. इतकी वर्षं मी ते खरं मानलं. अरे, चुना पडत असेल तर माणूस चष्मा घालतो. काढत नाही. काढतो तो, ज्याला वर बघायचं नसतं.

म्हणजे प्रत्येक वेळी, प्रत्येक छताखाली, तुलाही एवढीच भीती वाटत होती. आणि मी अंगणात उभा होतो.

आता पावसाची वाट बघायची. शाळा उघडली की पोरं येऊन बसतील. पाऊस घराच्या पत्र्यावर वाजला की मला झोप लागणार नाही, यंदा नाही आणि पुढंही नाही. नामाशेठनं ओसरीतलं सिमेंट दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचं ठरवलंय. जाताना मला म्हणाला, "पाऊस पडायला लागला की तुमी यून बसा शाळेत, म्हंजी आमाला बी बरं." चेष्टा होती. मी जाणार आहे.

तुला एकच विचारायचं राहिलं. एवढी भीती घेऊन तू गोणी न टाकता कसा राहायचास? घरी येऊन काय करायचास? वहिनी म्हणतात, परत गणित करायचास.

साखळी काढलेली नाही. उद्या नेरळकडचे एक जण घराचा नकाशा सांगायला येणार आहेत. त्यांना स्लॅब हवाय.